पितळ उघडं पडण्याआधी: पितळेच्या धंद्यात धातू, वजन आणि भाव कसा ओळखायचा

भांड्यांच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न सतत येतोय: "सर, पितळेची भांडी, समया, पूजेचं सामान विकायचं म्हणतोय. मार्जिन किती सुटतं?" व्हिडिओत तीन मिनिटांत उत्तर दिलं होतं, पण ते अर्धवट होतं. म्हणून आज निवांत लिहितोय.

आधी माझा स्वतःचा तोटा सांगतो. धंद्याची सुरुवात करत होतो तेव्हा दिवाळीसाठी एका ठोक व्यापाऱ्याकडून 40 समया उचलल्या. किलोचा भाव ठरला 700 रुपये. एकेक समई दीड किलोची, हाताला मस्त जड लागायची. सगळ्या विकल्या गेल्या, मी खूश. दोनेक वर्षांनी एक ताई त्यातली समई मोडीत घालायला भांड्याच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने बैठक फोडली, तर आतून सिमेंटसारखा भुगा बाहेर आला. वजन केलं तर साडेतीनशे ग्रॅम! म्हणजे प्रत्येक समईमागे मी 245 रुपये त्या भुग्याचे मोजले होते. चाळीस समयांचे झाले 9800. आणि हे पैसे माझे नव्हतेच, मी ते गिऱ्हाइकांकडूनच घेतले होते. ज्या 27 जणांचे नंबर माझ्याकडे होते त्यांना फोन करून फरक परत दिला. उरलेल्या तेरा घरांत माझ्या नावाने अजून काय बोललं जातं, मला माहीत नाही.

मार्जिनचा प्रश्न विचारण्याआधी म्हणूनच हा प्रश्न विचारा: मी जे विकतोय त्यात पितळ किती आहे, आणि कसलं आहे?

पितळ म्हणजे नक्की काय?

पितळ खाणीतून निघत नाही. तांबं आणि जस्त एकत्र वितळवून ते तयार होतं. तांब्यात कथील मिसळलं तर होतं कांसं. बाजारात या दोघांची भरपूर गल्लत होते, कधी नकळत, कधी मुद्दाम. चांगल्या कांशात साधारण 78 टक्के तांबं आणि 22 टक्के कथील असतं. कथील जस्तापेक्षा कितीतरी महाग, त्यामुळे कांसं पितळेपेक्षा बरंच महाग पडतं. कांशाच्या वाटीवर टिचकी मारा, नाद लांबत जातो. आणि कांसं उंचावरून पडलं तर तडकतं, फुटतं. पितळेला पोचा येतो. ताटलीवर "कांसं" लिहिलंय म्हणून कांशाचा भाव देऊ नका.

आता पितळेतलं प्रमाण. भांड्यांचा आणि खोल ओढकामाचा पत्रा बहुतेक 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त याच्या आसपास असतो. याच जातीच्या पितळेपासून बंदुकीच्या काडतुसांची टोपणं बनतात, कारण हे पितळ थंड अवस्थेतच ठोकता, ओढता येतं, फाटत नाही. जस्त 37-38 टक्क्यांच्या पुढे गेलं की धातू कडक होतो आणि तो तापवूनच घडवावा लागतो. 60-40 चं पितळ त्यातलं. उलट तांबं 85-90 टक्के असेल तर रंग लालसर सोनेरी येतो, नकली दागिने आणि बिल्ले त्याचे करतात.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण तांब्याचा भाव गेली काही वर्षं जस्ताच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त राहिलाय. म्हणजे दोन पितळी वस्तू सारख्याच वजनाच्या, सारख्याच पिवळ्या, तरी आतल्या धातूची किंमत वेगळी असू शकते. कमोडिटी बाजारातले तांबं आणि जस्ताचे भाव मोबाईलवर रोज दिसतात. ते बघायची सवय लावा. तांबं वर गेलं की आठवड्या-दोन आठवड्यांत तुमचा ठोकवालाही भाव वाढवणारच.

आणखी एक जात आहे, तिच्याकडे नीट लक्ष द्या. लेथवर चालणाऱ्या पितळी सळईत मुद्दाम साधारण तीन टक्क्यांपर्यंत शिसं घातलेलं असतं. शिशामुळे कीस बारीक तुटून पडतो, हत्यार गुंतत नाही, काम झपाट्याने होतं. इंजिनिअरिंगमध्ये एखादा धातू कापायला किती सोपा हे सांगताना याच पितळेला 100 गुण धरून बाकीच्यांना मोजतात. पण तो धातू यंत्राच्या भागांसाठी आहे, स्वयंपाकासाठी नाही. जुने नळ, व्हॉल्व्ह, फिटिंगचं भंगार वितळवून ज्या वस्तू ओतल्या जातात, त्यांत हे शिसं उतरतं. म्हणून माझा एक नियम आहे. भंगारातून ओतलेली वस्तू पूजेला, सजावटीला चालेल, पण "यात आमटी करा" असं सांगून ती विकायची नाही. शिजवायचं भांडं हवं असेल तर पत्र्यापासून घडवलेलं घ्या आणि पुरवठादाराला पत्र्याची जात विचारा. पत्र्यासाठी भारतीय मानक आयएस 410 आहे, लेथच्या सळईसाठी आयएस 319. हे दोन आकडे तुमच्या तोंडून ऐकले की समोरचा तुम्हाला नवखा समजत नाही, हा वरचा फायदा.

कळकणं आणि कल्हई

"पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नको, कळकेल" हे आजीकडून ऐकलंय ना? आंबट पदार्थाने तांबं विरघळून अन्नात उतरतं, चव बिघडते, पोटही बिघडतं. म्हणून आतून कल्हई. भांडं तापवायचं, नवसागर टाकून पृष्ठभाग साफ करायचा, वरून कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पसरवायचं. "पितळ उघडं पडणं" हा वाक्प्रचार कल्हई उडून गेलेलं भांडं ज्याने पाहिलंय त्याला समजावून सांगावा लागत नाही.

कल्हईचं भांडं विकताना दोन गोष्टी गिऱ्हाइकाला सांगितल्याच पाहिजेत. एक, रिकामं भांडं गॅसवर तापत ठेवायचं नाही. कथील 232 अंशांना वितळतं, कोरड्या भांड्यात ते तापमान पटकन येतं आणि कल्हई गोळा होऊन बसते. दोन, तारेच्या घासणीने खरवडायचं नाही. आणि कल्हई करून देणाऱ्याला तुम्ही स्वतः विचारा की कथील शुद्ध आहे का. स्वस्तात पडावं म्हणून शिसं मिसळणारे असतात. तिथे दहा रुपये वाचवू नका.

आरोग्याच्या दाव्यांबद्दलही इथेच बोलून टाकतो. "पितळेत शिजवलं की इतके टक्के जीवनसत्त्वं टिकतात" असे आकडे व्हॉट्सॲपवर फिरत असतात. ते तुमच्या जाहिरातीत टाकू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाई होऊ शकते. आणि खरं सांगू, पितळेला त्या आकड्यांची गरजच नाही. पितळ उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं, स्टीलपेक्षा भात कमी लागतो, हे गिऱ्हाईक आठ दिवसांत स्वतःच अनुभवतं.

माल तपासायचा कसा?

चुंबक सगळे लावतात. लावा, पण त्यावर थांबू नका. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे हे नक्की. नाही चिकटलं तर पितळ आहे असं मात्र नाही, कारण ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतीव वस्तूही चुंबकाला दाद देत नाहीत. "ब्रास फिनिश" म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक हेच. तळाशी, जिथे दिसणार नाही तिथे बारीक कानस मारा. आतही तोच पिवळा रंग आला तर ठीक, पांढरा-करडा आला तर वर नुसता मुलामा आहे.

माझी आवडती तपासणी मात्र पाण्याची. घरचा वजनकाटा पुरतो. पितळेच्या एका घनसेंटिमीटरचं वजन साधारण 8.4 ते 8.7 ग्रॅम असतं. पातेलं काठोकाठ भरा, परातीत ठेवा, वस्तू दोऱ्याने हळूच पूर्ण बुडवा, आत हवा अडकू देऊ नका. सांडलेल्या पाण्याचं वजन करा. वस्तूच्या वजनाला त्या आकड्याने भागा. 850 ग्रॅमच्या वस्तूने 100 ग्रॅम पाणी सांडलं तर उत्तर 8.5, पितळ आहे. जस्ताचा ओतीव असेल तर उत्तर साडेसहाच्या आसपास येईल, ॲल्युमिनियमचं तीनच्याही खाली.

माझ्या समयांपैकी एकीची बैठक मी नंतर अशीच तपासली. वजन 900 ग्रॅम, पाणी सांडलं 240. भागाकार 3.75. दहा मिनिटांचं काम होतं, खरेदीच्या दिवशी केलं असतं तर! समई नेहमी आट्यांवर खोलून भाग सुटे करा, बैठक उलटी करून बघा. तळ उघडा असेल तर आतलं दिसतंच. तळाला पत्रा मारून बंद केलेला असेल तर विचारा, का बंद केलाय? लाख किंवा राळ भरणं ही काही नक्षीकामात जुनी, रास्त पद्धत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मग भरलेल्या वस्तूला किलोचा भाव लावायचा नाही, नगावर घ्यायची. हे बिल करताना बोलून घ्या.

भावाचा हिशेब

पितळेच्या वस्तूच्या किमतीत तीन गोष्टी असतात: धातू, घडणावळ आणि घट. नवे लोक तिन्ही एकत्र मोजतात आणि मग गिऱ्हाइकाने "ऑनलाइन तर स्वस्त आहे" म्हटलं की गप्प होतात.

समजा (आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतलेत, आजचा भाव तुमच्या बाजारात विचारा) ठोकवाल्याने घडणावळीसकट 800 रुपये किलो लावला. 1 किलो 400 ग्रॅमची समई तुम्हाला पडली 1120 ला. आणायचं भाडं, पॉलिश, खोका मिळून आणखी शंभर. खर्च 1220. तुम्ही विकताय 1650 ला. जीएसटी वेगळा ठेवला तर हातात 430 राहतात. आता गिऱ्हाईक मोबाईल दाखवतं: "हीच समई 899 ला आहे." तुम्ही काय करायचं? त्या पानावरचं वजन वाचायचं. 700 ग्रॅम लिहिलेलं असेल, तर त्यांचा किलोचा भाव झाला 1284 आणि तुमचा 1179. वजन लिहिलेलंच नसेल तर तेही गिऱ्हाइकाला दाखवा. म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक वस्तूला दोन आकड्यांची चिठ्ठी लावा, नगाची किंमत आणि वजन. दुकानात काटा समोर ठेवा, आणि तो वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळून घ्या. शिक्का नसलेल्या काट्यावर वजनाने माल विकणं हा गुन्हा आहे.

आता मोड. स्टीलचं पातेलं जुनं झालं की त्याचे किती येतात? जवळपास काहीच नाही. पितळेचं भांडं वीस वर्षं वापरून मोडीत घातलं तरी धातूचा बराचसा भाव परत मिळतो, फक्त घडणावळ जाते आणि घट कापली जाते. हे गिऱ्हाइकाला सांगा, पण पूर्ण सांगा. 1650 ची समई उद्या परत आणली तर 1650 मिळणार नाहीत हे आधीच बोला. मी बिलावर लिहून द्यायचो: "निव्वळ पितळ इतके ग्रॅम, मोड त्या दिवशीच्या बाजारभावाने, घट इतकी." हे एक वाक्य छापायला लागल्यावर धनत्रयोदशीचं गिऱ्हाईक भाव करायचं कमी झालं, कारण ते त्याला गुंतवणुकीसारखं वाटायला लागलं. अर्थात असं लिहून द्यायचं तर तुमचा मालच तसा हवा. भुगा भरलेल्या समईवर हे लिहून बघा!

करांचं थोडक्यात: पितळेची घरगुती भांडी एचएसएन 7418 मध्ये येतात. जीएसटीचे दर 22 सप्टेंबर 2025 पासून बदललेत, त्यामुळे जुन्या बिलावरून दर उचलू नका. भंगाराचा कोड आणि दर वेगळा असतो. सीएला एकदा विचारा आणि लिहून ठेवा.

माल कुठून, आणि फक्त विकायचंच का?

देशभरात नक्षीच्या आणि सजावटीच्या वस्तूंसाठी मुरादाबाद, नळाचे भाग, पिना, सॉकेट, फिटिंगसाठी जामनगर. आपल्याकडे भंडाऱ्याची पितळेच्या भांड्यांसाठी जुनी ओळख, नाशिकची भांडी अजूनही लोक नाव घेऊन मागतात, आणि पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी. तिथे मुख्यतः तांब्याचं काम होतं, पण एकदा जाऊन मठारकाम बघाच. हातोडीचा प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून बसवतात, त्याने पत्रा कडक होतो आणि चमकही येते. घडणावळीचे पैसे कशाचे असतात हे तिथे अर्ध्या तासात कळतं. पंजाबमधल्या जंडियाला गुरूच्या ठठेऱ्यांची तांब्या-पितळेची भांडी घडवायची कला 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

घरच्या घरी पितळ वितळवून ओतकाम करायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. पितळ 900 अंशांच्या पुढे वितळतं आणि जस्त 907 अंशांनाच उकळायला लागतं. जो पांढरा धूर निघतो तो जस्ताचा. त्याने थंडी वाजून ताप भरतो, ओतशाळेतल्या कामगारांचा हा जुना आजार आहे. शिवाय जस्त उडून गेल्याने घटही वाढते. राजस्थानात उदयपूरजवळ जावरला शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी हीच जस्ताची वाफ बंद मुशीत पकडून थंड करून धातू मिळवला होता. आपल्याला ते जमणार नाही, ओतकाम करणाऱ्याकडूनच करून घ्या.

भांडवल कमी असेल तर मी विक्रीच्या आधी भाड्याचा धंदा सुचवेन. घंगाळ, बंब, मोठ्या समया, परात, हंडे-कळश्यांची उतरंड, जुने डबे. डोहाळजेवण, हळद, मुंज, गौरींची आरास, खाद्यपदार्थांचं फोटोशूट, सगळीकडे हे लागतं आणि कुणाच्या फ्लॅटमध्ये ते ठेवायला जागा नसते. एक हंडा वर्षात पंधरा वेळा भाड्याने गेला तरी त्याचं वजन कमी होत नाही. धंदा नाही चालला तर मोडीचा भाव आहेच. मंडपाच्या कापडाला किंवा प्लास्टिकच्या फुलांना हे भाग्य नाही! फक्त देताना आणि परत घेताना वजन लिहा, पोचा आला तर काय घ्यायचं ते आधी ठरवा.

दुसरं काम सेवेचं. कल्हई, पॉलिश, पोचे काढणं, आणि भांड्यांवर नाव घालणं. पूर्वी लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असायचं. आता पुन्हा लोक भेटवस्तूंवर नाव आणि तारीख मागतात. ठाण्याच्या पितांबरीचंच बघा, तांबं-पितळ घासायच्या पावडरीने ते नाव घराघरात पोचलं. त्यासाठी त्यांना भांडी विकावी लागली नाहीत.

घासण्यावरून आठवलं. चिंच-लिंबू लावून भांडं तासभर ठेवलं की कधीकधी त्यावर तांबूस डाग येतात आणि गिऱ्हाईक ओरडत येतं की "हे पितळ नाही". ते पितळच असतं. आंबटाने वरच्या थरातलं जस्त आधी खाल्लेलं असतं, मागे तांबं उरतं. थोडं घासलं की जातं. लॅकर मारलेल्या शोभेच्या वस्तूला तर चिंच लावायचीच नाही, लॅकर पोपडे धरून निघतो. आणि रोज तेवणाऱ्या समईवर लॅकर नको, वातीजवळ तो करपतो.

जुनी भांडी, जुन्या मूर्ती घेऊन विकायचा विचार असेल तर एक सावधगिरी. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागतो. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो, परदेशात पाठवता येत नाहीत. काही जण भाव वाढवायला नव्या मूर्तीवर आम्ल मारून तिला जुनी करतात आणि "दीडशे वर्षांची" म्हणून खपवतात. म्हणजे खरी असेल तर परवाना नाही, खोटी असेल तर फसवणूक. तुम्ही बिलावर "जुन्या पद्धतीची" इतकंच लिहा.

पहिली खरेदी पाच-सात हजारांचीच करा. पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू, दोन वेगवेगळ्या ठोकवाल्यांकडून, वजन लिहिलेल्या पक्क्या बिलावर. घरी आणून प्रत्येकीची पाण्यातली तपासणी करा, आकडे वहीत मांडा. ज्याच्या मालाचे आकडे आठच्या वर आणि एकमेकांच्या जवळ येतील, दिवाळीची ऑर्डर त्याला. पुढच्या व्हिडिओत मी हीच तपासणी काट्यासकट करून दाखवणार आहे. माझ्याकडे त्या चाळीसमधली एक समई अजून आहे, ती पहिल्यांदा बुडवू.